चक्कर येते म्हणजे मानेचे मणके झिजले?

इंदूरच्या मराठी घरांत चक्कर आली की गळ्यात पट्टा येतोच. एक्स-रेत झीज दिसते म्हणे. पण ती चाळिशीनंतर कधीच चक्कर न आलेल्यांतही सर्रास दिसते.

खरं कारण मायग्रेन असू शकतं, डोकं न दुखताही. असे झटके ५ मिनिटं ते ७२ तास टिकतात; उजेड, आवाज सोसत नाही. कूस बदलताच मिनिटभराच्या आत थांबणारी चक्कर बहुधा कानाच्या आतल्या भागात सुटलेल्या कणांची.

झटका कशाने येतो ते कळायला वहीत चक्कर आल्याची वेळ, झोप, पाळी, चुकलेलं जेवण लिहा. (कडक एकादशी आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातलं जागरण, दोन्ही!) प्रोक्लोरपेराझीन हे चक्कर दाबणारं औषध महिनोन्महिने घेतल्यास मेंदू तोल सावरायला शिकत नाही. बोबडी वळली, दोन-दोन दिसलं किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर थेट इस्पितळ.