एकांकी आणि शॉर्ट फिल्म: गोष्ट एकच, थरार वेगळा

नागपुरात एकांकी करणारी मुलं आणि शॉर्ट फिल्म करणारी मुलं बहुतेक वेळा तीच असतात. संध्याकाळी कॉलेजात तालीम, रविवारी कुणाच्या तरी घरी शूटिंग. एखादी रहस्यमय एकांकी स्पर्धेत गाजली की पुढचा बेत ठरलेलाच असतो: आता हिची शॉर्ट फिल्म करू. संहिता हातात आहे, नटांचे संवाद पाठ झालेले आहेत, लांबीही जुळते. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानला जातो, म्हणजे साधारण आपल्या एकांकीएवढाच. मग कॅमेरा लागतो, आणि सभागृहात जिथे लोकांचे श्वास अडकले होते, नेमक्या त्याच जागी पडद्यावर काहीच होत नाही.

यात नटांचा दोष नसतो. थरार उभा राहण्याची जागाच या दोन प्रकारांत वेगळी आहे, आणि ते लक्षात न घेता केलेली शॉर्ट फिल्म हे एकांकीचं रेकॉर्डिंग होऊन बसतं.

एक प्रसंग घेऊ. मे महिन्यातली दुपार, पारा ४५ च्या वर. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरात कूलर घरघरतोय. घरात आजोबा आणि नात, दोघंच. दारावर थाप पडते. ‘कोन आहे जी?’ आजोबा विचारतात. मीटरचं रीडिंग घ्यायला आलोय, असं बाहेरचा माणूस सांगतो. नात दार उघडते. आजोबांना दिसतो तो त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा बाप, बारा वर्षांपूर्वी वारलेला. नात तेव्हा तान्ही होती. ती त्याला ओळखत नाही.

रंगमंचावर हे तिघंही एकाच वेळी आपल्यासमोर असतात. माणूस मीटर शोधतोय, नात त्याला पाणी देतेय, आजोबा खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे आहेत. कुठे बघायचं हे प्रेक्षक स्वतः ठरवतो, आणि त्याची नजर या तिघांमध्ये धावत राहते. ताण तिथे तयार होतो. शिवाय मेलेला माणूस परत आलाय हे पटवून देण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत. आजोबांच्या एका वाक्यावर सगळं सभागृह ते मान्य करून टाकतं. दोन लेव्हल्स (लाकडी चौथरे) आणि एक खुर्ची मांडून ‘हे अंतराळयान आहे’ म्हटलं तरी आपण मानतोच की! आणि प्रेक्षक एकटा नसतो. नागपूरच्या सायंटिफिक सभागृहात एखाद्या शांत जागी शेजारच्याचं चुळबुळणं थांबलेलं आपल्याला जाणवतं, आणि चांगला नट त्या दिवशीच्या प्रेक्षकांचा अंदाज घेऊन तीच शांतता थोडी जास्त ताणतो.

कॅमेऱ्यासमोर हे बळ नाहीसं होतं. तिघांना लांबून एकत्र दाखवलं तर प्रेक्षकाची नजर धावत नाही, भरकटते. मात्र रंगमंचाला कधीच न मिळणारी एक मुभा इथे हाती येते: न दाखवण्याची. दारात आलेल्या माणसाचा चेहरा दाखवायचाच नाही. कॅमेरा आजोबांवर ठेवायचा, ऐकू येईल तो फक्त बाहेरचा आवाज. मग पाण्याचा पेला घेणारा हात, त्या मनगटावरचं घड्याळ. तेच घड्याळ आधी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत ओझरतं दिसून गेलेलं असावं. एवढं केलं की आजोबांचं ‘अरे, तू तर…’ हे वाक्य कापून टाकता येतं. एकांकीत त्याच वाक्यावर सगळा डोलारा उभा होता, इथे ते राहिलं तर प्रसंग मरतो. माझ्या मते रूपांतराची पहिली परीक्षा हीच: एकांकीतलं सगळ्यात टाळीचं वाक्य काढायची तुमची तयारी आहे का?

अंधाराचंही तसंच. एकांकीतला ब्लॅकआउट सगळ्या सभागृहावर पडतो. प्रेक्षक आणि नट एकाच काळोखात असतात, आणि आता कुणीतरी आपल्या शेजारून जाईल असं वाटू शकतं. फिल्ममध्ये पडदा नुसता काळा झाला तर प्रेक्षक मोबाइलचा ब्राइटनेस तपासतो. तिथे अंधारात काहीतरी दिसावं लागतं. डेव्हिड सँडबर्ग या स्वीडिश दिग्दर्शकाने २०१३ साली घरातल्या घरात, पत्नीला मुख्य भूमिका देऊन, तीन मिनिटांहून कमी लांबीची ‘लाइट्स आउट’ केली. दिवा बंद केला की पॅसेजमध्ये एक आकृती दिसते, लावला की नाही. बस, एवढंच. पुढे २०१६ मध्ये त्याच कल्पनेवर त्याचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला.

आवाजाचा उपयोग दोन्हीकडे होतो, पण आपली मुलं फिल्ममध्ये तो वाया घालवतात. पार्श्वसंगीत सुरू होतं आणि थांबतच नाही. त्यापेक्षा आपल्या प्रसंगात लाईन, म्हणजे वीज, जाऊ द्या. कूलर हळूहळू थांबेल, वाळ्याच्या ताट्यांमधून थेंब पडतील, आणि इतका वेळ कूलरखाली दबलेला तिसऱ्याच कुणाचा श्वास ऐकू येईल. नागपूरच्या दुपारीतून मिळणारी ही शांतता विकतच्या संगीतात मिळायची नाही.

काळाचा मुद्दा मात्र निर्विवाद फिल्मच्या बाजूचा. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक रोबेर आंरिको याने अँब्रोज बिअर्सच्या कथेवर लघुपट केला: पुलावर फाशी दिला जाणारा माणूस, खाली नदी, संवाद जवळजवळ नाहीत. शेवट सांगत नाही, पण काही क्षण ताणून त्यांचा एक प्रदीर्घ प्रवास करण्याचं काम तिथे संकलन करतं. रंगमंचावरचं घड्याळ प्रेक्षकाच्या मनगटावरच्या घड्याळासोबत चालतं, तिथे हे सहजी साधत नाही.

‘पण सायन्स फिक्शनला बजेट कुठून आणायचं?’ हा प्रश्न हमखास येतो. क्रिस मार्करचा ‘ला जेते’ बघा. तोही १९६२ चाच, २८ मिनिटांचा. तिसऱ्या महायुद्धानंतरचं पॅरिस आणि काळातला प्रवास, आणि हे सगळं कृष्णधवल स्थिर छायाचित्रं आणि निवेदन यांच्या जोरावर. हलणारं दृश्य एकच, एका स्त्रीच्या डोळे उघडण्याचं. एकांकीवाल्यांना हा लघुपट लगेच कळतो, कारण प्रेक्षकाला कल्पना करायला लावणं त्यांना येतंच.

याचा अर्थ एकांकी पडद्यावर नेऊच नये असा नाही. नागपूरचे ज्येष्ठ नाटककार महेश एलकुंचवार यांच्या ‘होळी’ या एकांकीवर केतन मेहतांनी १९८४ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. तो पूर्ण लांबीचा, पण इथे धडा उपयोगी आहे. त्यात लांबच लांब, न कापलेले शॉट्स आहेत, आणि कॅमेरा मुलांच्या घोळक्यात शिरून त्यांच्याबरोबर चालतो. एकांकीतला सलगपणा राखला, पण प्रेक्षकाची खुर्ची जागची हलवली.

संहिता दुसऱ्याची असेल तर एक व्यावहारिक गोष्ट शूटिंगच्या आधी उरकून घ्या. एकांकीच्या प्रयोगाची परवानगी आणि तिच्यावर चित्रपट करण्याचा हक्क हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वेगळे आहेत. स्पर्धेसाठी लेखकाने दिलेलं पत्र फिल्मला चालत नाही. नवं पत्र घ्या, त्यात ऑनलाइन प्रदर्शनाचा आणि महोत्सवांचा उल्लेख असू द्या, आणि संवाद कापण्याची मुभाही त्याच पत्रात मागून घ्या.