ब्रिटनमध्ये केअर वर्कर म्हणून स्पॉन्सरशिप: आता कोणाला मिळते, अर्ज कसा होतो, कागद कोणते

भारतात बसून ब्रिटनच्या केअर वर्कर (म्हणजे वृद्ध, आजारी, अपंग माणसांची रोजची देखभाल करणारा कामगार) व्हिसासाठी आज अर्ज करता येत नाही. २२ जुलै २०२५ पासून केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर या दोन्ही कामांसाठी परदेशातून नवीन भरती बंद आहे. तेव्हा तुमच्याकडे कोणी ‘सीओएस (व्हिसासाठी लागणारी मालकाची स्पॉन्सरशिप) काढून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका. जे कागद तो दाखवेल, त्यावर व्हिसा मिळणार नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये हा मार्ग खुला झाला तेव्हा केअर होमना माणसं हवी होती आणि नियम सैल होते. मग ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करना नवरा, बायको, मुलं सोबत आणायला मनाई झाली. इंग्लंडमध्ये स्पॉन्सर करायचं तर संस्थेची केअर क्वालिटी कमिशनकडे (केअर संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या यंत्रणेकडे) नोंदणी असणंही सक्तीचं झालं. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात या क्षेत्रातले ४७० हून अधिक स्पॉन्सर परवाने (परदेशी कामगार ठेवण्यासाठी मालकाला लागणारे सरकारी परवाने) रद्द झाले. त्या संस्थांशी ३९,००० हून जास्त कामगार जोडलेले होते. घरदार गहाण टाकून गेलेल्यांच्या हाती पोहोचल्यावर कामच नव्हतं, असं अनेकांच्या बाबतीत घडलं.

मग आता पात्र कोण? जे आधीच ब्रिटनमध्ये कायदेशीर व्हिसावर आहेत, तेच.

त्यातला पहिला गट विद्यार्थी किंवा ग्रॅज्युएट व्हिसावर (तिथलं शिक्षण संपल्यावर काम करायला मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्यांचा. ज्या संस्थेकडून स्पॉन्सरशिप घ्यायची, तिथे सीओएस निघण्याच्या तारखेआधी किमान तीन महिने तुम्ही कायदेशीर नोकरी केलेली असली पाहिजे. विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रमही नव्या नोकरीच्या सुरुवातीआधी पुरा झालेला हवा. व्हिसा बदलण्याची ही मुभा २२ जुलै २०२८ पर्यंतच आहे आणि मधल्या काळात तिचा फेरविचार होऊ शकतो. इंग्लंडमधल्या संस्थेवर आणखी एक अट आहे: आधीचा स्पॉन्सर गमावलेले केअर वर्कर तिथे आहेत, त्यांच्यातून माणूस मिळतो का, हे तिने आधी पाहिलं पाहिजे.

दुसरा गट आधीच केअर वर्कर व्हिसावर असलेल्यांचा. मालक बदलायचा तर नवा सीओएस आणि नवा व्हिसा अर्ज दोन्ही लागतात. निर्णय येईपर्यंत जुनी नोकरी चालू ठेवता येते, पण नवीन पूर्णवेळ नोकरी सुरू करायची नाही. या काळात भारतात यायचं तिकीट काढू नका, कारण निर्णयाआधी देश सोडला की अर्ज मागे घेतला असं धरतात. आणि व्हिसा संपलेला असताना तुम्ही भारतात असाल, तर परत जायचा हा रस्ता उरत नाही.

सीओएस, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप. नावात सर्टिफिकेट असलं तरी ते भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र नाही. मालकाने ब्रिटनच्या गृहखात्याच्या प्रणालीत केलेली ती तुमची नोंद आहे, आणि तिचा क्रमांक तुम्हाला मिळतो. क्रमांक मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. एप्रिल २०२५ पासून या नोंदीचं शुल्क ५२५ पौंड आहे आणि ते मालकानेच भरायचं. ३१ डिसेंबर २०२४ पासून ते कामगाराच्या माथी मारायलाच बंदी आहे. पगारातून ‘सीओएस फी’ हप्त्याने कापू म्हणणारा मालक नियम मोडतो आहे.

पगाराची अट: ९ एप्रिल २०२५ पासून वर्षाला किमान २५,००० पौंड आणि तासाला किमान १२.८२ पौंड. करार हातात आला की आधी हमीचे तास किती ते पाहा. घरोघरी जाऊन सेवा द्यायच्या कामात एका घरातून दुसऱ्या घरी जायचा वेळ किमान वेतनाच्या हिशोबात धरावाच लागतो. पुष्कळ जण इथेच फसतात, कारण दिवस बारा तासांचा होतो आणि पैसे सहा तासांचे मिळतात. याच कामात बहुतेक ठिकाणी गाडी चालवावी लागते. भारतीय लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून १२ महिनेच चालतं, म्हणून तिथल्या लायसन्सची तयारी आधीपासून करा.

अर्ज ऑनलाइन भरायचा. हाताशी ठेवायचे कागद: चालू पासपोर्ट, सीओएस क्रमांक, मालकाचं नाव आणि स्पॉन्सर परवाना क्रमांक, पदाचं नाव, वार्षिक पगार आणि व्यवसायाचा संकेतांक (केअर वर्करचा ६१३५, सीनियरचा ६१३६). इंग्रजीसाठी ब्रिटनमधली पदवी पुरते. पहिल्यांदाच या मार्गावर येणाऱ्यांसाठी ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजीच्या परीक्षेत बी-१ ऐवजी बी-२ ही वरची पातळी लागते. ब्रिटनमध्ये १२ महिने झाले नसतील, तर खात्यात सलग २८ दिवस १,२७० पौंड दिसले पाहिजेत, किंवा मालकाने सीओएसमध्ये तुमच्या खर्चाची हमी द्यायला हवी. पहिल्या गटातल्यांनी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि त्यांच्याशी जुळणारं बँक स्टेटमेंट जपून ठेवावं. एप्रिल २०२५ च्या दराने अर्जाचं शुल्क तीन वर्षांपर्यंत ३०४ पौंड, त्याहून जास्त मुदतीला ५९० पौंड होतं. आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत घेतलं जाणारं शुल्क) या व्हिसाला लागत नाही. निर्णय साधारण आठ आठवड्यांत येतो.

मालकाचा परवाना रद्द झाला तर गृहखात्याचं पत्र येतं आणि नवा स्पॉन्सर शोधायला सहसा ६० दिवस मिळतात. पत्र आल्या दिवशीच कामाला लागा. परवानाधारक स्पॉन्सरांची यादी ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे. संस्थेचं नाव त्यात आणि केअर क्वालिटी कमिशनच्या नोंदीत, दोन्हीकडे शोधा. सल्ला घ्यायचा तर इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेल्या सल्लागाराचा किंवा वकिलाचा घ्या. पगाराच्या तक्रारीसाठी अकास (कामगार-मालक वादांत सल्ला देणारी तिथली सार्वजनिक संस्था) हेल्पलाइनवर फुकट सल्ला देते.

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: तुमचं दार बंद झालेलं नाही. नर्सचं पद परदेशातून स्पॉन्सरशिपसाठी अजूनही खुलं आहे. त्यासाठी नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिलची (तिथल्या नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेची) नोंदणी लागते: इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी, संगणकावरची सीबीटी परीक्षा, आणि ब्रिटनमध्ये प्रात्यक्षिकाची ऑस्की परीक्षा. वेळ जास्त जातो, पण जोडीदाराला आणि मुलांनाही नेता येतं. भारतातला एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते पाहा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. आकडा लाखांत गेला, तर तिथूनच परत फिरा.