मेमांग नारंग: गारो टेकड्यांतलं रानसंत्रं

मेघालयात तुरा शहराजवळ, गारो टेकड्यांत, नोकरेकचा डोंगर आहे. तिथल्या जंगलात एक बुटकं, काटेरी झाड सापडतं. फळ लहान, पिकल्यावर लालसर नारिंगी आणि चवीला दात आंबवणारं. गारो लोक त्याला ‘मेमांग नारंग’ म्हणतात. मेमांग म्हणजे मृताचा आत्मा. गारोंच्या अंत्यविधीत हे फळ लागतं. पोटाच्या तक्रारींवर आणि काविळीवरही ते घरगुती औषध म्हणून देतात. संत्र्यासारखं सोलून खायचं हे फळ नव्हे, त्यामुळे बाजाराने त्याच्याकडे कधी वळून पाहिलं नाही.

वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरात ते १९३७ साली आलं. जपानी शास्त्रज्ञ चोझाबुरो तानाका यांनी त्याला ‘सिट्रस इंडिका’ हे नाव दिलं. तानाकांचा हात तसा सढळ. लिंबूवर्गीय फळांच्या त्यांनी १६२ जाती मानल्या, तर अमेरिकेचे वॉल्टर स्विंगल अवघ्या १६ वर थांबले. पण मेमांग नारंग दोघांच्याही यादीत आहे. स्विंगलसारख्या हात आखडलेल्या माणसाने ते मान्य करावं, हे मला तानाकांच्या शिक्क्यापेक्षा वजनदार वाटतं. अर्थात जनुकांच्या अभ्यासानंतर हा वाद पुन्हा उघडला आहे. त्यात महाळुंगाचं रक्त मिसळलेलं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात.

अभ्यासकांचं लक्ष गारो टेकड्यांकडेच का, याचं उत्तर लिंबूवर्गाच्या कुळाच्या इतिहासात आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने लिंबूवर्गाचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनमधल्या युनान प्रांताचा पश्चिम भाग या पट्ट्यात दाखवलं. तिथून ६० ते ८० लाख वर्षांपूर्वी हे कुळ पसरायला लागलं. गारो टेकड्या या पट्ट्याच्या पश्चिमेला असल्या तरी रानटी नातेवाइकांचा मोठा साठा तिथे टिकून होता.

विदर्भातल्या बागांचा या मुलखाशी संबंध आहे, तो जमिनीखालून. नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे कलम करतात, तो जंबेरी या आंबट लिंबाच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या रोपावर. जंबेरी मूळची ईशान्य भारतातली, आणि रंगपूर आजच्या बांगलादेशात, गारो टेकड्यांपासून फार लांब नाही. खोडातून डिंक गाळणाऱ्या डिंक्या रोगाने बागा बसायला लागल्या की रोगाला दाद न देणारा खुंट शोधावा लागतो, आणि त्या शोधात रानटी जाती हाताशी असाव्या लागतात. धान्याचं बी वाळवून, थंडीत ठेवून वर्षानुवर्षं सांभाळता येतं. लिंबूवर्गातल्या अनेक बियांना असं वाळवणं मानवत नाही. मग झाडं आहेत तिथेच राखावी लागतात.

याच विचारातून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नोकरेकमध्ये लिंबूवर्गासाठी देशातलं पहिलं जनुक अभयारण्य आकाराला आलं. १९८८ मध्ये नोकरेकला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात त्याचा समावेश झाला.

कागदावर हे सरळ दिसतं. जमिनीची गोष्ट वेगळी आहे. गारो टेकड्यांत बहुतेक जमीन कुळाच्या, म्हणजे एका वंशातल्या गोताच्या, सामाईक मालकीची असते. तिला आखिंग म्हणतात आणि तिचा कारभार नोकमा, म्हणजे त्या गोताचा प्रमुख, पाहतो. झूम शेतीत, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीत, पूर्वी एकदा कसलेलं रान पुष्कळ वर्षं पडीक ठेवत. माणसं वाढली, पडीक काळ आखडला आणि जंगलाला उभं राहायला वेळ उरला नाही. त्यात सुपारी, काजू आणि विकता येणारी संत्री आली. ही पिकं घराला रोख पैसे देतात, त्यामुळे ती लावणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मेमांग नारंगाची मात्र बाग कुणी लावत नाही. काही घरांच्या परसात एखादं झाड राखलेलं असतं, ते औषधासाठी किंवा विधीसाठी.