परकीय कोण, हे ठरवायचं कुणी?

१२ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ठाण्यातल्या एका माणसाला जामीन नाकारला. तो बांगलादेशातून बेकायदा आल्याचा पोलिसांचा आरोप होता. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असं सगळं त्याच्याकडे होतं. न्यायालयाचं म्हणणं असं, की ही कागदपत्रं ओळख पटवण्यासाठी किंवा सेवा घेण्यासाठी आहेत. नागरिक कोण, ते १९५५ चा नागरिकत्व कायदा ठरवतो.

बातमी वाचून अनेकांनी आपलं पाकीट चाचपलं असेल. पण हा वाद सत्तर वर्षं जुना आहे, आणि त्याचं एक टोक जुन्या मुंबई राज्यातच सापडतं.

फाळणीनंतर पाकिस्तानातून परतणाऱ्यांसाठी १९४९ मध्ये परवान्याचा कायदा झाला. परवान्याचा नियम मोडल्याचा नुसता वाजवी संशय असला, तरी सरकार माणसाला देशाबाहेर काढू शकत होतं. मग तो भारताचा नागरिक का असेना. मुंबई राज्यातून गेलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्ये हे कलम नागरिकांपुरतं रद्द ठरवलं.

पुढच्याच वर्षी उलट बाजू पक्की झाली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एका पश्चिम जर्मन नागरिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की परकीयाला घालवून देण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. देशात राहण्याचा मूलभूत हक्क फक्त नागरिकाला. १९३७ पासून भारतात राहणाऱ्या बेल्जियन मिशनऱ्यालाही १९९१ मध्ये हेच उत्तर मिळालं.

थोडक्यात, माणूस परकीय ठरला की पुढचा रस्ता सरळ. सगळी झुंज त्याच्या आधीची, आणि उच्च न्यायालयं कामाला येतात ती तिथेच. (आपल्याकडे ‘हद्दपार’ म्हटलं की आधी जिल्ह्याबाहेर काढलेला तडीपार गुंड आठवतो. त्याला निदान दुसऱ्या जिल्ह्यात तरी राहता येतं.)

या झुंजीत पारडं आधीच एका बाजूला झुकलेलं आहे. ब्रिटिशांच्या काळातल्या १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याचं कलम ९ सांगत होतं, की आपण परकीय नाही हे त्या माणसानंच सिद्ध करायचं. चोरीच्या खटल्यात सरकारला पुरावा द्यावा लागतो, इथे उलटं. १९८३ मध्ये आसामपुरता वेगळा कायदा करून हे ओझं तक्रार करणाऱ्यावर टाकलं होतं. आसामचे नेते सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, आणि कलम ९ आसामात परत आलं.

मग गुवाहाटी उच्च न्यायालयात प्रकरणांची रीघ लागली. नोटीस खरोखर हातात पडली होती का? एकतर्फी आदेश कधी फिरवायचा? मतदार यादीत वडिलांच्या नावाची वेलांटी चुकली तर? २०१३ मध्ये तिथल्या पूर्णपीठाला, परकीय कोण ते ठरवणाऱ्या न्यायाधिकरणांच्या कार्यपद्धतीवर सविस्तर निकाल द्यावा लागला. तरीही नावांतल्या आणि तारखांतल्या किरकोळ तफावतींवरून माणसं परकीय ठरत राहिली. अशाच एका प्रकरणात, न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय दोन्हीकडे हरलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये भारतीय ठरवलं. कुणाचंही दार ठोठावून ‘तू परकीय आहेस, सिद्ध कर’ असं म्हणता येणार नाही. आधी संशयाचा आधार त्याच्या हाती द्या, असं न्यायालयानं बजावलं. माझ्या मते कलम ९ इतक्या स्पष्टपणे वाचायला फारच उशीर झाला.

निर्वासितांची गोष्ट वेगळी. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तरी गुजरात उच्च न्यायालयानं १९९८ मध्ये इराकी निर्वासितांच्या बाबतीत घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, आधार घेतला: जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला ढकलू नये. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मात्र जम्मूतल्या रोहिंग्यांना, विहित प्रक्रिया पाळून, परत पाठवायला मुभा दिली. महिनाही उलटला नाही तोच मणिपूर उच्च न्यायालयानं सीमेवरच्या मोरेहमध्ये अडकलेल्या म्यानमारच्या सात जणांना दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयापर्यंत सुखरूप जाऊ द्या, असा आदेश दिला. सातांत तीन पत्रकार होते.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा कायदा इतिहासजमा झाला. त्याच्यासह चार कायद्यांच्या जागी एकच नवा कायदा आला. सिद्धतेचं ओझं मात्र होतं तिथेच राहिलं. त्याच महिन्यात कलकत्ता उच्च न्यायालयापुढे बीरभूमच्या दोन कुटुंबांचं प्रकरण होतं. दिल्लीत पकडून जूनमध्ये त्यांना बांगलादेशात सोडलं होतं. त्यांच्यातली एक बाई गरोदर होती. केंद्राच्याच मे महिन्याच्या सूचनेत नागरिकत्वाच्या पडताळणीला तीस दिवस दिलेले. ते न पाळता घाईनं सगळं उरकलं, असं न्यायालयाला दिसलं. चार आठवड्यांत परत आणा, असा आदेश झाला. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. ती बाई आणि तिचा लहान मुलगा डिसेंबरमध्ये मालद्याच्या सीमेवरून घरी परतले.