गिनी पिगला दूध-भाकरी नको, गवत हवं

"आजारातनं उठलंय न्हवं? दूध-भाकरी घाला, चार दिवसांत अंग धरंल." कोल्हापुरात गिनी पिग पाळणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. गंगावेशच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध माणसाला मानवतं, पण हा जीव गवतावर जगणारा. दूध त्याला पचत नाही, पिठाच्या भाकरीनं आतड्यातले उपयोगी जंतू बिघडतात, हगवण लागते आणि उरलंसुरलं वजनही उतरतं.

त्याच्यापुढं वाळलेलं गवत चोवीस तास हवं. दात जन्मभर वाढतात, ते गवत चघळूनच झिजतात. माणसासारखंच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज ढबू मिरचीची फोड द्या. तोंडच लावत नसेल तर गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं थेंब-थेंब भरवा. चघळून गिळलं की पुढचा. आणि त्याच दिवशी प्राण्यांचे डॉक्टर गाठा, कारण उपाशी राहिलं की त्याचं आतडं थंडावतं आणि जिवावर बेततं.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. आमचा भुऱ्या ८४० ग्रॅमवरून ७१० वर आला होता. पहिल्यांदा ७१५ दिसलं, तेव्हा मी काटा दोनदा तपासला.