हवामानबदल अनुकूलन नियोजन : राष्ट्रीय चौकट आणि कोल्हापूर जिल्हा

हवामानबदल अनुकूलन नियोजन : बदलते पाऊसमान, वाढती उष्णता, पूर आणि दुष्काळ यांचा फटका शेती, पाणी, उद्योग, आरोग्य, रस्ते, घरे यांना कमीत कमी बसावा, यासाठी आधीच केलेली आखणी. हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्याला उपशमन म्हणतात. जो बदल होऊन चुकला आहे किंवा आता टळणार नाही, त्याच्याशी जुळवून घेणे म्हणजे अनुकूलन. उपशमनाचा फायदा सगळ्या जगाला होतो, अनुकूलनाचा फायदा मात्र ज्या गावात काम झाले त्या गावाला होतो. त्यामुळे देशाचा आराखडा कितपत कामाचा आहे, हे जिल्ह्यात उतरूनच पाहावे लागते. या नोंदीत त्यासाठी कोल्हापूर जिल्हा घेतला आहे.

राष्ट्रीय चौकट : २०१० साली मेक्सिकोतील कानकून येथे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत राष्ट्रीय अनुकूलन आराखड्यांच्या प्रक्रियेला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. २०१५ च्या पॅरिस कराराचे सातवे कलम अनुकूलनाविषयी आहे. या प्रक्रियेचे टप्पे साधे आहेत : पायाभरणी, धोक्यांचा अभ्यास व उपायांची निवड, अंमलबजावणी, आणि झालेल्या कामाचा आढावा. भारताने ३० जून २००८ रोजी हवामानबदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यातील आठ अभियानांपैकी जल, शाश्वत शेती, हिमालयीन परिसंस्था, हरित भारत आणि शाश्वत अधिवास ही अभियाने मुख्यतः किंवा बऱ्याच अंशी अनुकूलनाची आहेत. पुढे राज्यांनी आपापले आराखडे केले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०११ मध्ये ‘निक्रा’ हा हवामान अनुकूल शेतीचा प्रकल्प सुरू केला. २०१५ मध्ये राष्ट्रीय अनुकूलन निधी आला आणि त्याची जबाबदारी नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेकडे गेली. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांना पहिले अनुकूलन निवेदन दिले. त्यानुसार अनुकूलनाशी संबंधित खर्च २०१५-१६ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३.७ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ५.६ टक्के झाला. हा आकडा वाचताना एक भान ठेवावे लागते. नेहमीचे विकासकाम कुठे संपते आणि अनुकूलन कुठे सुरू होते, ही रेघ ठळक नसते.

महाराष्ट्रात अनुकूलन म्हणजे दुष्काळाशी झुंज, असेच बराच काळ धरून चालले होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेला ‘पोकरा’, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, प्रामुख्याने मराठवाडा आणि विदर्भासाठी होता. ते योग्यच होते. पण भरपूर पाण्याचा, सधन, सहकारात मुरलेला कोल्हापूर जिल्हा हवामानबदलाच्या यादीत वर असू शकतो, हे २०१९ पर्यंत फार कोणाच्या मनात नव्हते.

कोल्हापूरची स्थिती : जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यावरील गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे शिरोळमध्ये तो पाचशेच्या आसपास येतो. मधले अंतर एसटीने काही तासांचे. पश्चिमेचे पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती आणतात. लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती धरून त्यांची पंचगंगा होते, आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे ज्या शिरोळमध्ये पाऊस सर्वांत कमी, तिथेच पुराचे पाणी सर्वांत जास्त दिवस मुक्काम करते.

शहरालगतच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी हे कोल्हापूरचे पावसाळ्यातले मुख्य माप. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. शिवाजी पुलाच्या कमानींपाशी पाणी ठरावीक उंचीला गेले की शहर ‘मच्छिंद्री झाली’ म्हणते, आणि सुतारवाड्यातील कुटुंबे सामान बांधू लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५५ फूट ७ इंचांवर गेली आणि पाणी उतरायला आठवड्याहून अधिक काळ लागला. अवघ्या दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ती ५६ फूट ३ इंच झाली. त्या वेळी पाणी दोन-तीन दिवसांत चढले. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पावसाचे एकूण दिवस वाढले नाहीत तरी एकेक झड जड होते, याचे मूळ इथे आहे.

या पुरांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. आराखड्यात शेती, पाणीपुरवठा, वाहतूक, ऊर्जा ही वेगवेगळी प्रकरणे असतात. पुरात ती एकाच दिवशी बुडतात. २०१९ मध्ये नदीकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहरात प्यायला पाणी नव्हते; टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, दोन्ही बाजूंना ट्रक थांबले. रस्ते तुटल्याने दूध संकलन थांबले. म्हशीला पूर कळत नाही, धार काढावीच लागते, आणि ते दूध ओतून द्यावे लागले. वीज उपकेंद्रे बुडाल्याने ज्या वस्तीत पाणी शिरले नव्हते तिथेही अंधार झाला. नदीचे पाणी जयंती नाल्यातून उलटे चढून व्हीनस कॉर्नरपर्यंत आले, आणि नदीपासून दूर असलेल्या दुकानांत माल भिजला.

शेती : कोल्हापूरची शेती म्हणजे ऊस, हे अर्धसत्य आहे. पश्चिमेला भात आणि नाचणी आहे, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे, पूर्वेला सोयाबीन, भुईमूग आणि भाजीपाला आहे. पण नदीकाठचा पट्टा उसाचाच, आणि पुराचा खरा हिशेब तिथेच होतो.

पूर ओसरल्यावर शेतकरी बांधावरून उसाकडे बघतो तेव्हा त्याची नजर आधी शेंड्याकडे जाते. शेंडा पाण्यावर राहिला असेल तर कमरेइतक्या पाण्यात काही दिवस उभा राहिलेला ऊस बहुधा तगतो. शेंडा बुडाला तर पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, गाळ बसतो. वरून पाने हिरवी दिसली तरी पोंगा हाताने ओढला की अलगद निघून येतो आणि कुजका वास सुटतो. मग वाढ थांबते, कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, निघतात, वजन घटते आणि कारखान्यात साखरेचा उतारा खाली येतो. आडसाली लावण जुलै-ऑगस्टमध्ये होते, म्हणजे ऐन पुरात ती हात-दीड हात उंचीची किंवा नुकती उगवलेली असते. ती पूर्ण जाते. बियाणे, खत, मशागत सगळे पुन्हा.

तरीही नदीकाठचा शेतकरी ऊस सोडत नाही, आणि त्यामागे आडमुठेपणा नाही. सोयाबीन दोन दिवसांत सडते, भाजीपाला एका रात्रीत जातो. ऊस निदान झुंजतो, आणि त्याला ठरलेला दर व ठरलेला गिऱ्हाईक आहे. म्हणजे ऊस हेच त्या शेतकऱ्याने स्वतः केलेले अनुकूलन आहे. ‘पीकपद्धती बदला’ असे आराखड्यात लिहिणाऱ्याने याचे उत्तर द्यायला हवे. राज्याच्या खरीप पीकविम्याच्या यादीत भात, सोयाबीन, भुईमूग असतात, ऊस नसतो. उसाचे नुकसान झाले की सरकारी मदतीवर आणि सोसायटीच्या कर्जाच्या पुनर्गठनावरच भिस्त राहते. बुडीत क्षेत्रात तगणारे वाण, लावणीची वेळ पुढे-मागे करणे, उंच भागात राखून ठेवलेला बेणेमळा (लावणीच्या बियाण्याचा ऊस), पुरानंतर बुडालेल्या उसाला तोडणीत आधी पाळी हे उपाय हाताशी आहेत. कोल्हापुरातील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रासारख्या जुन्या संस्थेमुळे त्यांना शास्त्रीय आधारही मिळू शकतो. यांतले तोडणीची पाळी हे काम तर साखर कारखान्यांच्या हातातले आहे, त्याला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

पाणी आणि धरणे : कोल्हापूरने पाण्याशी जुळवून घेण्याची एक पद्धत साऱ्या राज्याला दिली. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत उभे केलेले दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचे, पावसाळ्यापूर्वी ते काढून नदी मोकळी सोडायची. बरगे काढायचा दिवस माणूस ठरवतो, आणि वेळापत्रक गेल्या काही पिढ्यांच्या पावसावर बसलेले आहे. अवकाळी मे महिन्यातच जोराने आला की बरगे अडकलेलेच राहतात, बंधाऱ्याला कचरा व लाकडे अडतात आणि पाणी बाजूची जमीन तासून नेते. बरगे काढण्याची तारीख कॅलेंडरवरून न ठरवता हवामान अंदाजावरून ठरवणे, हा कोल्हापूरच्या आराखड्यातला सर्वांत स्वस्त उपाय ठरेल.

राधानगरी धरणाची गोष्ट उलटी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर सुरू केलेल्या या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी पूर्ण पातळीला आले की ते आपोआप उघडतात, आणि प्रत्येकातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग होतो. वीज नाही, माणूस नाही, चूक नाही, म्हणून ही रचना आजही कौतुकाची आहे. पण मोठा पाऊस येणार हे चार दिवस आधी कळले, तरी त्या दरवाजांतून आधी पाणी सोडून जागा करता येत नाही. जुन्या पाऊसमानाला ते चोख उत्तर होते.

खाली कर्नाटकात अलमट्टी धरण आहे. त्याची साठवण पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये मुभा दिली, आणि कोल्हापूर-सांगलीचा त्याला तीव्र विरोध आहे. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराचे मुख्य कारण अलमट्टी नसल्याचे म्हटले. नदीकाठच्या लोकांना ते पूर्ण पटलेले नाही. वाद काहीही असो, पावसाळ्यात दोन्ही राज्यांनी विसर्गाचे आकडे तासातासाला एकमेकांना देणे हे अनुकूलनाचेच काम आहे.

शहराच्या पिण्याच्या पाण्यापुरता एक मोठा बदल झाला. काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाइपलाइन २०२३ मध्ये शहरात पोहोचली. दशकांची मागणी होती ती.

उद्योग : उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्री (धातू ओतकाम) उद्योग, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी, कोल्हापुरी चप्पल यांच्याकडे हवामानाच्या दृष्टीने फार कमी पाहिले गेले आहे. भट्टीपुढे काम करणाऱ्या कामगाराला वाढता उन्हाळा आधी जाणवतो. इचलकरंजीत पुराचे पाणी शिरले की सूत आणि मागांच्या मोटारी दोन्ही जातात. चप्पलेचे चामडे दमट हवेत वाळत नाही. यातला कारागीर घरातच काम करतो, त्यामुळे त्याचे नुकसान ‘घर’ म्हणून मोजले जाते, ‘उद्योग’ म्हणून नाही. हे मोजमाप आधी बदलायला हवे.

वस्ती : पूरक्षेत्रात दोन रेषा आखतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित. दोन वर्षांत दोन महापूर आले की ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांवर लोकांचा विश्वास राहत नाही, आणि ते स्वाभाविक आहे.

१९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या ग्रामस्थांना सोनतळीला उंचावर भूखंड मिळाले. तरी गाव खालीच राहिले. शेत खाली, गोठा खाली, दूध संस्था खाली. पहाटे चारला धार काढायला वरून कोण उतरणार? भूखंड माणसांसाठी दिला होता, जनावरांसाठी नाही. आता पाऊस वाढला की लोक जनावरांसह सोनतळीला जातात आणि पाणी उतरले की परततात. स्थलांतराच्या योजना करणाऱ्यांनी सोनतळी एकदा डोळ्यांनी पाहावी.

क्षेत्रांमधील विसंगती : एका खात्याचे अनुकूलन दुसऱ्याचे संकट होऊ शकते. महामार्ग बुडू नये म्हणून भराव टाकून तो उंच केला की वाहतूक सुरक्षित होते. मात्र तोच भराव पुराला आडवा येतो आणि पाणी वरच्या गावांत तुंबते. भरावाऐवजी कमानींचा पूल हवा, ही पंचगंगेकाठच्या गावांची मागणी यातूनच आली. ती आंदोलनाच्या फलकावर पोहोचली, रस्त्याच्या मूळ अंदाजपत्रकात मात्र आली नाही. खात्याखात्याने केलेल्या आराखड्यांची ही सर्वांत मोठी उणीव आहे : नदीचे खोरे हे कोणत्याच खात्याचे नाही.

शिरोळमधील क्षारपड : अतिपाणी, काळी जमीन आणि वारंवार येणारा पूर यांमुळे शिरोळ तालुक्यात हजारो एकर जमीन क्षारपड झाली. उन्हाळ्यात तिच्यावर मिठासारखा पांढरा थर दिसतो आणि तिथे गवतही उगवत नाही. यावरचा उपाय म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून खारे पाणी निचरून काढणे. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांना सोबत घेऊन हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. एकट्याच्या शेतात पाइप पुरून भागत नाही. पाणी नाल्यापर्यंत न्यायचे तर मुख्य पाइप शेजाऱ्याच्या, त्याच्या शेजाऱ्याच्या, आणि कधी वर्षानुवर्षे बांधावरून अबोला असलेल्या भाऊबंदाच्या रानातून जातो. आधी सगळ्यांच्या सह्या होतात, मग खोदाई. पहिल्या पावसानंतर पाइपच्या तोंडाशी बादली लावली तर पाणी खारट लागते. शेतकरी ते चाखून बघतात.