क्लीनरूममधील केबल-व्यवस्था

क्लीनरूममधील केबल-व्यवस्था : इलेक्ट्रॉनिक घटक बनवणाऱ्या धूळमुक्त कक्षातील यंत्रांच्या सरकत्या भागांपर्यंत वीज, संकेत, हवा आणि निर्वात पोहोचवणाऱ्या तारा व नळ्यांची निवड, मांडणी आणि देखभाल. यंत्राची उत्पादकता तिच्यावर तीन बाजूंनी अवलंबून असते : उडणारे कण, सरकत्या भागाची स्थिरता आणि बंद पडण्याचा काळ. तरीही यंत्राच्या आराखड्यात केबलचा विचार बहुधा शेवटी होतो. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच असते.

एका दिशेने वाहणाऱ्या गाळीव हवेचा कक्ष ही कल्पना सामान्यतः अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेतील विलिस व्हिटफील्ड यांच्या नावे मांडली जाते (सुमारे १९६०–६२). धूळ टाळून नाजूक जोडणी करण्याच्या खोल्या त्याआधीही होत्या. त्यामुळे ‘पहिला क्लीनरूम’ कोणता, हे व्याख्येवर ठरते. कण सतत खाली वाहून नेणारी हवा हा निकष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. केबल व नळ्या पोटात घेऊन यंत्राच्या सरकत्या भागाबरोबर वळणाऱ्या साखळीचा उगम १९५३ च्या सुमारास जर्मनीत गिल्बर्ट वानिंगर यांच्याकडे नेला जातो. ती पोलादी साखळी मशीन टूल्ससाठी होती; प्लॅस्टिकच्या साखळ्या नंतर आल्या. धुळीचा प्रश्न त्या मूळ रचनेत नव्हताच.

स्वच्छतेच्या वर्गाबाबत गोंधळ बराच आहे. अमेरिकेचे १९६३ चे फेडरल स्टँडर्ड २०९ हे २००१ मध्ये मागे घेतले गेले आणि आयएसओ १४६४४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक रूढ झाले. त्यानुसार वर्ग ५ मध्ये घनमीटरमागे ०.५ मायक्रॉन व त्याहून मोठे कण ३,५२० पर्यंत चालतात. वर्ग १ मध्ये ०.१ मायक्रॉन व त्याहून मोठे फक्त १०. पण हे वर्ग हवेचे आहेत, वस्तूचे नव्हेत. ‘वर्ग १ ची केबल’ या दाव्याला वेग, त्वरण, वळणाची त्रिज्या आणि कण मोजण्याची जागा सांगितल्याशिवाय अर्थ राहत नाही. तीच केबल दुप्पट वेगाने हलवली की वेगळी वागू शकते. कक्षासाठी यंत्रे व घटक योग्य आहेत का, हे हवेतील कण मोजून ठरवण्याची पद्धत आयएसओ १४६४४-१४ (२०१६) मध्ये आहे. पुरवठादाराकडून त्या धर्तीचा, आपल्या हालचालीला जुळणारा चाचणी-अहवाल मागावा.

कण तीन ठिकाणी तयार होतात : साखळीच्या खिळीत व तिच्या भोकात, दोन केबलींच्या आवरणांमध्ये, आणि साखळी तळाला टेकते तिथे. म्हणून कमी लांबीच्या फेऱ्यांसाठी साखळीच काढून टाकून स्वतःचा आकार टिकवणारी चपटी केबल वापरणे श्रेयस्कर. तिचा दुसरा फायदा हिशेबात दिसतो. वळणात आवरणाच्या बाहेरच्या कडेला पडणारा ताण साधारण जाडी भागिले दुप्पट त्रिज्या इतका असतो. ६० मिमी त्रिज्येत ६ मिमी जाडीच्या गोल केबलला ५ टक्के ताण पडतो, २ मिमी जाडीच्या चपटीला १.७ टक्के. लांब फेरीत मात्र चपटी केबल मधे झोळ खाते. तिथे लहान कड्यांची साखळी लागते, कारण मोठी कडी प्रत्येक वळणाला धक्का देतात आणि ते कंपन स्टेजपर्यंत, म्हणजे काम धरून सरकणाऱ्या मंचापर्यंत, जाते.

हा धक्का उत्पादनाचा वेग खातो. समजा, तपासणी-यंत्रात प्रत्येक वेफरसाठी (ज्यावर चिप घडवतात ती अर्धवाहकाची पातळ चकती) स्टेज १०० वेळा थांबते आणि वेफरमागे ६० सेकंद लागतात. हलकी व लवचीक केबल बसवून स्थिरावण्याचा काळ दर थांब्याला २० मिलिसेकंदांनी घटला, तर २ सेकंद वाचतात. तासाला ६० ऐवजी ६२ वेफर होतात. मोटर तीच राहते.

बसवताना केबल रिळावरून रीळ फिरवत सोडावी; वेटोळी उपसून काढली की पीळ बसतो आणि काही काळाने ती साखळीत मळसूत्रासारखी वळते. साखळीत केबलच्या व्यासाच्या किमान १० टक्के (१ मिमीपेक्षा कमी नाही), नळीला २० टक्के मोकळी जागा ठेवावी, मधे उभे विभाजक घालावेत. पीव्हीसी व पॉलियुरेथेन आवरणे एकमेकांना चिकटू देऊ नयेत. पीव्हीसीतील मृदुकारक (ते मऊ ठेवणारे द्रव्य) झिरपतो आणि कक्षातील हवाही दूषित करतो. केबल दोन्ही टोकांना पकडावी, वळणाऱ्या भागात केबली एकत्र आवळणारी पट्टी (टाय) कधीच लावू नये. दाबाने नळीची लांबी बदलते. तिला सैल ठेवावे. काही फेऱ्या चालवून मग लांबी पुन्हा जुळवावी.

बिघाड सहसा तुटक स्वरूपात येतो. एन्कोडरची (स्टेजची जागा मोजणाऱ्या संवेदकाची) चूक दर वेळी त्याच जागी येत असेल, तर बहुधा वळणातली एखादी तार तुटलेली असते; यंत्र थांबवून मल्टिमीटर लावला की ती टोके टेकलेली असतात आणि सारे ठीक दिसते. मोजमाप स्टेज सावकाश हलवतच करावे. वळणाखालचा पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसल्यास झिजेचा पट्टा उठतो. त्याचा रंग आवरणाशी जुळतो की साखळीशी, यावरून उगम कळतो. केबल बदलणे लवकर आटोपते, पण त्यानंतर पुसणे, कणमोजणी आणि चाचणीचे वेफर चालवणे आलेच. सेमी ई१० या, अर्धवाहक-यंत्रे किती वेळ चालू वा बंद राहिली हे मोजण्याच्या मानकाच्या नोंदीत असा अवचित बिघाड अनियोजित बंद म्हणून जातो. ठरलेल्या फेऱ्यांनंतर, नियोजित देखभालीतच केबल बदलली तर तो टळतो.

निर्वात पोकळीत चालणाऱ्या केबलींत कणांपेक्षा आवरणातून सुटणारे वायू हा मुख्य प्रश्न ठरतो.